खाडा

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर टांगलेलं असतं. संकष्टी, एकादशी, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, सोसायटीची मीटिंग, सगळं त्याच्यावर. आणि खाडे. दूधवाला आला नाही तर चौकोनाच्या कोपऱ्यात ‘दू’, मावशी आल्या नाहीत तर ‘मा’. महिनाअखेरीला मोजायचे आणि हिशेबातून वजा करायचे. ही पद्धत आईची, तिच्याकडून माझ्याकडे आली.

गेल्या वर्षी मार्चचं पान उलटताना नजर आठ तारखेवर थांबली. चौकोनात बारीक अक्षरांत ‘जागतिक महिला दिन’ छापलेलं, आणि त्याच्यावर माझ्याच अक्षरात, निळ्या पेनने, ठळक ‘मा’. त्या दिवशी ऑफिसात आम्हा सगळ्या बायकांना एकेक गुलाब मिळाला होता, साहेबांचं भाषण झालं होतं, आम्हाला तासभर लवकर सोडलं होतं. मी तो गुलाब पर्समध्ये जपून भांडुपपर्यंत आणला, पाण्यात ठेवला आणि मग पेन शोधून मावशींचा खाडा मांडला.

तेव्हापासून हा शब्द माझी पाठ सोडत नाही.

आमच्या घरात खाडा हा शब्द चार पिढ्यांचा आहे. माझी पणजी सातारा जिल्ह्यातून मुंबईला आली आणि लालबागच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात लागली. दिवसभर उभं राहून सूत गुंडाळायचं, तुटलं की गाठ मारायची, पुन्हा गुंडाळायचं. वजनावर मजुरी. नायकिणीची, म्हणजे बायकांवरच्या मुकादमिणीची, मर्जी असेपर्यंत काम. ती गेली तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण तिचं एक वाक्य आजीच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलंय की ते मला तिच्याच आवाजात ऐकू येतं: “खाडा म्हंजी चुलीला खाडा, बाई.”

तिने खाडा केला तो बाळंतपणात. बाराव्या दिवशी पुन्हा भोंग्याला हजर झाली. बारा दिवसांचं लेकरू शेजारच्या म्हातारीकडे आणि त्याने दिवसभर झोपून राहावं म्हणून बाळगोळी. त्या गोळीत अफू असायची. गिरणगावातल्या कितीतरी आयांनी ती दिली, कारण कामावर जायचं तर दुसरा इलाज नव्हता. आजी हे सांगायची तेव्हा आवाज खाली आणायची. पणजीची दोन मुलं लहानपणीच गेली. का गेली, कोणी विचारलं नाही. आजी मात्र दर वेळी ‘गोळी’ हा शब्द उच्चारून गप्प बसायची.

मला वाटतं, बाईच्या हक्कांचा इतिहास सांगायचा तर सुरुवात इथून करावी. मताधिकारापासून किंवा पदवीपासून करायलाही हरकत नाही, पण मला पहिला आठवतो तो बाराव्या दिवशीही घरी राहू न शकलेल्या बाईचा देह.

1928 साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या. एप्रिलमध्ये सुरू झालेला तो संप ऑक्टोबरपर्यंत चालला. त्याच पावसाळ्यात, जुलैच्या शेवटी, मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या चर्चेत विधेयकाच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. परळच्या चाळीत वर्षानुवर्षं राहिलेला माणूस होता तो. पोटुशी बाई पहाटेच्या भोंग्याला जिना कशी उतरते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असणार. पुढच्या वर्षी, 1929 मध्ये, मुंबई प्रांताचा कायदा झाला. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या खाड्याचे पैसे मिळण्याची ही आपल्या देशातली पहिलीच तजवीज.

थोडे आठवडे आणि थोडे आणे, एवढंच होतं ते. पण माझ्या वडलांच्या वेळी आजीला ते मिळालं. त्यातला वाटा नायकिणीने मागून घेतला, उरलेल्यात आजीने अळिवाचे लाडू केले आणि एक पितळी तांब्या घेतला. त्या तांब्याला घरात ‘रजेचा तांब्या’ म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, रजा नावाची कोणी बाई असेल.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बाईला रात्रपाळीला ठेवता येत नाही, बाळंतपणाचे पैसे द्यावे लागतात, मग बाईच कशाला, असा हिशेब मालकांनी मांडला. नवी यंत्रं आली, माणसं कमी झाली आणि कमी होताना आधी बायका कमी झाल्या. विसाच्या दशकात गिरणीत पाचातली एक कामगार बाई होती. पुढे ते प्रमाण घसरतच गेलं. खाड्याचा हक्क मिळाला आणि कामच निसटत गेलं. आजीसुद्धा शेवटी घरी बसली आणि मरेपर्यंत स्वतःला ‘गिरणीतली’ म्हणत राहिली.

आठ मार्चची गोष्ट शाळेच्या फळ्यावर दोन ओळींत उरकतात. 1910 साली कोपनहेगनला समाजवादी बायकांची परिषद भरली. सतरा देशांतून शंभराच्या वर प्रतिनिधी आल्या होत्या. जर्मनीतल्या समाजवादी पुढारी क्लारा झेटकिनने दर वर्षी एक दिवस बायकांच्या मागण्यांसाठी ठेवायचा ठराव पुढे आणला. तारीख ठरली नव्हती. पहिला महिला दिन 1911 मध्ये 19 मार्चला जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमध्ये झाला. आणि बरोबर सहा दिवसांनी, 25 मार्चला, न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली.

त्या आगीपाशी मी नेहमी अडते. 146 माणसं गेली, त्यातल्या बहुतेक स्थलांतरित घरांतल्या तरुण पोरी. जिन्याच्या एका दाराला कुलूप होतं. कामगारांनी वेळेआधी निघू नये, काही उचलून नेऊ नये, बाहेर पडताना झडती घेता यावी, म्हणून घातलेलं. नवव्या मजल्यावरून पोरींनी खाली उड्या टाकल्या. सुट्टी व्हायला थोडाच अवकाश होता.

मग 1917. रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका होती, त्यांची 23 फेब्रुवारी म्हणजे आपली 8 मार्च. पेट्रोग्राडच्या कापडगिरण्यांतल्या बायका पावाच्या रांगेत तासन्तास उभ्या राहून कामाला जात होत्या. पुढाऱ्यांनी सांगितलं होतं, आज संप नको, वेळ आलेली नाही. बायकांनी ऐकलं नाही. त्या कामावरून बाहेर पडल्या, शेजारच्या लोखंडाच्या कारखान्यांसमोर गेल्या आणि पुरुषांना बाहेर बोलावलं. आठवडाभरात झारने गादी सोडली. आपण ज्या तारखेला गुलाब वाटतो, ती तारीख अशी ठरली. गिरणीतल्या बायकांनी सगळ्यांनी मिळून केलेल्या खाड्याची ती तारीख. संयुक्त राष्ट्रांनी 1975 हे महिला वर्ष पाळलं आणि 1977 मध्ये या दिवसाचा ठराव केला, ते सगळं पुढचं.

माझं ऑफिस फोर्टमध्ये. रोज उच्च न्यायालयावरून जाते. काळ्या दगडाची, टोकदार कमानींची ती इमारत मला वर्षानुवर्षं फक्त बसस्टॉपची खूण होती. याच न्यायालयात चाललेलं रखमाबाईंचं प्रकरण नीट वाचलं आणि मग तिथून सहज जाणं जमेना.

अकराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी. आईकडे, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढली, वाचायला लागली, सासरी गेलीच नाही. नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, 1884 साली दावा लावला की बायको नांदायला येत नाही, तिला पाठवा. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला, अपिलात फिरला आणि मार्च 1887 मध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंगात जाते.

‘नांदणं’ या शब्दाकडे बघा जरा. घर नांदतं, लक्ष्मी नांदते, सुख नांदतं. आणि बाईला ‘नांदायला’ पाठवतात, ‘नांदवून’ घेतात. इतका गोड शब्द, आणि त्याच्या मागे शिपाई, समन्स आणि तुरुंगाचं दार. त्या दाव्याने देश ढवळून निघाला. टिळकांसारखी माणसं तिच्या विरोधात लिहीत होती. तिने स्वतः त्याआधीच ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रं लिहून बालविवाहाने बाईचं काय होतं ते मांडलं होतं. शेवटी 1888 मध्ये तडजोड झाली आणि नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन तिची सुटका झाली. मग लंडनला जाऊन डॉक्टर झाली, परत आली आणि सुरत, राजकोट इथे आयुष्यभर बायकांवर उपचार करत राहिली. तिच्या खटल्याने तापलेल्या वातावरणातच 1891 चा संमतिवयाचा कायदा आला.

ती गेली 1955 च्या सप्टेंबरात. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा आला, आणि त्याच्या कलम 9 मध्ये नांदायला बोलावण्याचा दावा कायम राहिला. आता तो नवरा-बायको दोघांनाही लावता येतो. पण आहे. रखमाबाईंना हे कळलं असेल का, हा प्रश्न मला बसस्टॉपवर उभी असताना पडतो.

नवऱ्याच्या घरचा खाडा. एवढंच तिने केलं होतं.

आईचं लाटणं माझ्याकडे आहे. शिसवी, जड, मधे किंचित फुगीर. त्याच्या एका बाजूला बोटाच्या पेराएवढी खोक आहे. त्यामुळे पोळी लाटताना तिच्यावर एक बारीकशी रेघ उठते, भाजली की पुसली जाते. ती खोक 1972 ची. दुष्काळ होता. तेल, साखर, रवा, रॉकेल, काही मिळेना, मिळालं तर परवडेना. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या आणि महागाईविरोधी समितीने मोर्चे काढले. बायकांच्या हातात लाटणी आणि थाळ्या. आई तेव्हा चोवीस वर्षांची, मी कडेवर. तिने स्टीलच्या ताटावर लाटणं इतकं आपटलं की ताटाची कड दुमडली आणि लाटण्याला खोक पडली.

“त्या दिवशी संध्याकाळी काय जेवलात?” मी तिला एकदा विचारलं होतं.

“तुझ्या बाबांनी पाव आणला,” ती म्हणाली, आणि हे सांगताना मोर्च्याबद्दल सांगतानापेक्षा जास्त हसली. लाटणं बाहेर गेलं होतं, म्हणजे घरात पोळी नव्हती. माझ्या माहितीत आईने स्वयंपाकाला केलेला तो एकमेव खाडा.

कारण पुढे तिने खानावळ चालवली. गावाकडचे सहा-सात गिरणी कामगार आमच्याकडे जेवायचे. कोणी शिमग्याला गेलं, कोणी जत्रेला, की त्यांचे खाडे भिंतीवर मांडायचे आणि तेवढे पैसे कमी घ्यायचे. लालबाग-परळच्या चाळींत अशा शेकडो बायका होत्या. पठाणाकडून किंवा वाण्याकडून कर्ज काढून पन्नास माणसांची भूक भागवणाऱ्या, आणि कोणाच्या लेखी कामगार नसलेल्या. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, त्यांना बँकेचं दार उघडावं म्हणून. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमची चाळ बघता बघता बसून राहिली. बाबा घरी, खानावळीतली माणसं घरी, पैसे नाहीत. आई उधारीवर भाकरी थापत राहिली. अडीच लाख कामगार संपावर होते असं म्हणतात, तेव्हा मला आईची चूल दिसते. ती संपावर नव्हती. गिरणी बंद राहू शकते, चूल कशी राहील? पुरुषांचा संप बायकांनी खाडा न करता चालवला, हे मी कुठल्या स्मारकावर कोरलेलं पाहिलेलं नाही.

त्या खानावळीच्या दिवसांतली आणखी एक आठ मार्च मला धूसर आठवते, 1980 ची. चाळीच्या व्हरांड्यात आई आणि शेजारणी हलक्या आवाजात बोलत होत्या. आम्ही मुली गेलो की गप्प व्हायच्या. नंतर कळलं, ते मथुरा प्रकरण होतं. आपल्याच, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातली आदिवासी मुलगी, 1972 साली पोलीस ठाण्यात अत्याचार झालेला. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती, असा तो तर्क. चार कायदेप्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं आणि 8 मार्च 1980 ला मुंबईसह ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीत बाईने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं तर न्यायालयाने ते खरं धरून चालावं, ही त्यातली एक तरतूद. रखमाबाईंनी भर कोर्टात नाही म्हटलं, तर त्याला तुरुंगाची किंमत. ही पोर भीतीने गोठली, तर तिचा होकार धरला. दोघींच्या मधे जवळजवळ शंभर वर्षं.

मी स्वतः 1998 मध्ये बाळंतीण झाले. तेव्हा 1961 च्या कायद्याने बारा आठवडे मिळायचे. त्या वेळी मी जिथे नोकरी करत होते, तिथे परत गेले तर माझ्या टेबलावर दुसरी मुलगी बसलेली. मला आतल्या खोलीत, जुन्या फायलींच्या रॅकशेजारी, एक खुर्ची दिली. कोणी काही बोललं नाही. वर्षअखेरीच्या शेऱ्यात मात्र होतं, ‘प्रदीर्घ गैरहजेरी’. त्या दोन शब्दांवर मी किती वेळ बघत बसले होते. पणजीचे बारा दिवस आणि माझे बारा आठवडे, आणि शेरा तोच. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झालेत. माझ्या ऑफिसातल्या मुली आता ती रजा घेतात तेव्हा मला मनापासून बरं वाटतं, आणि त्या परत येतात तेव्हा मी आधी त्यांचं टेबल जागेवर आहे ना ते बघते.

24 ऑक्टोबर 1975 ला आइसलँडमधल्या नव्वद टक्के बायकांनी एक दिवस सगळंच काम सोडलं. ऑफिसातलं, कारखान्यातलं आणि घरातलंही. पुरुष पोरांना घेऊन कामावर गेले. त्या दिवसाला त्यांनी संप म्हटलं नाही, सुट्टी म्हटलं, म्हणजे कचरणाऱ्या बायकाही आल्या. पुढच्याच वर्षी समान हक्कांचा कायदा झाला. मला त्यात आपला शब्द दिसतो: अख्ख्या देशाचा एक खाडा. आपल्याकडेही असं झालंय, पण ते फारसं सांगितलं जात नाही. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, आणि त्यांच्या मागण्यांत भरपगारी रजा होती. आपल्या राज्यात 2008 पासून घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदाही आहे. तरी दारामागच्या कॅलेंडरवर ‘मा’ लिहिणारा हात माझाच.

म्हणून गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या तारखेला मी मावशींना म्हटलं, “मावशी, यापुढे महिन्यातले चार रविवार सुट्टी. पैसे कापणार नाही.”

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. “कापणार नाय?”

“नाही.”

“पन मी रविवारी येतेच ना बिल्डिंगमध्ये. बाकीच्या चार घरी. तुमच्या एकटीच्या घरचा खाडा घेऊन मी काय करू? जिन्यात बसू?”

याच्यावर मला उत्तर सुचलं नाही. एका घराने दिलेली सुट्टी ही सुट्टी नसते, हे मला इतकं वाचून कळलं नव्हतं आणि त्यांना भांडी घासता घासता कळलं होतं.

त्या आठवड्यात मी चारही घरांच्या बेल वाजवल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू लगेच हो म्हणाल्या. त्यांची आई गिरणीतलीच. एका घरी नवऱ्याला विचारते म्हणाली. एका घरी ऐकून घेतलं, “मग आम्हाला कोण सुट्टी देणार?” या प्रश्नावर मला रागावता आलं नाही, तो खराच होता. आम्ही दोघी दारात उभ्या राहून अर्धा तास बोललो. त्यांच्या रविवारच्या पाहुण्यांबद्दल, त्यांच्या गुडघ्याबद्दल. चौथं घर दोन महिने नाहीच म्हणत होतं. जूनमध्ये तेही हो म्हणालं.

पहिला पूर्ण रविवार जूनच्या शेवटी आला. पाऊस होता. मी सकाळी भांडी घासली, आईच्या लाटण्याने पोळ्या केल्या. सोमवारी मावशी आल्या तेव्हा विचारलं, “काय केलंत काल?”

“झोपले,” त्या म्हणाल्या. “उठले, च्या पिले आन् परत झोपले. पोरगी बघत होती, बरं नाय का म्हनून.”

मग पदराला हात पुसत कॅलेंडरपाशी गेल्या. जुलैचे रविवार बोटाने मोजले आणि म्हणाल्या, “ह्या तारखा कागदावर लिवून द्या. पाची घरच्यांची सही पायजे खाली. बी विंगच्या बायकांना दाखवायचाय.”

मी वहीचं पान फाडलं, तारखा लिहिल्या आणि पहिली सही केली.